तळ्यात मासे मरू लागले: पहिल्या दोन दिवसांत काय करायचं, काय टाळायचं

सकाळी तळ्याच्या काठाला पाच-पंचवीस मासे उलटे तरंगताना दिसले की हात आपसूक औषधाच्या डब्याकडे जातो. तो हात तिथेच थांबवा. रोग विषाणूचा असेल तर त्यावर कुठलंही औषध नाही. जिवाणूचा असेल तर औषध आहे, पण ते योग्य हवं, पुरेशा मात्रेत हवं आणि मासे खात आहेत तोवरच द्यायला हवं. शिवाय औषध आधी दिलं की नमुन्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढत नाहीत आणि रोग कोणता होता हे कायमचं गुलदस्त्यात राहतं. म्हणून क्रम ठरलेला ठेवा: आधी पाणी, मग मासा, मग नमुना, आणि औषध सगळ्यात शेवटी.

हा रोगच आहे का?

प्राणवायू कमी पडून होणारी मर एका रात्रीत होते, तीही पहाटे. मोठे मासे आधी जातात. उरलेले तोंड वर काढून हवा गिळताना दिसतात आणि ऊन चढल्यावर सावरतात. विषबाधेत काही तासांत सगळ्याच जातींचे, सगळ्याच आकारांचे मासे मरतात, आणि पाण्यातले किडे, बेडूकही सोबत जातात. रोग मात्र निवड करतो. एकच जात, एकच वय, बऱ्याचदा एकच तळं. आकडा आज तीन, उद्या पाच, परवा नऊ, मग वीस असा चढत जातो. म्हणून रोजची मर लिहून ठेवलेली वही ही तळ्यावरची सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे. नेहमीच्या आकड्याच्या दुप्पट मर सलग तीन दिवस दिसली, तर पुढचं सगळं सुरू करा.

प्राणवायू सूर्योदयाआधी मोजा, कारण तेव्हा तो सगळ्यात कमी असतो. उबदार पाण्यातल्या माशांना लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली ताण सुरू होतो. अमोनिया मात्र दुपारी उशिरा तपासा. शेवाळामुळे तेव्हा पाण्याचा सामू म्हणजे पीएच सगळ्यात वर असतो आणि अमोनियाचा विषारी भाग सामूवर ठरतो. २८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात एकूण अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम असेल, तर सामू ७ असताना विषारी भाग जेमतेम ०.०१४ मिलिग्रॅम, सामू ८ ला साधारण ०.१३ आणि सामू ९ ला ०.८ च्या आसपास असतो. सकाळी निर्धोक वाटलेलं पाणी त्याच दिवशी संध्याकाळी कल्ले जाळू शकतं ते यामुळे.

कल्ले तपकिरी आणि रक्त चॉकलेटी दिसलं तर नायट्राइट. याला साधं मीठ चालतं. नायट्राइट-नायट्रोजनच्या निदान दहापट क्लोराइड पाण्यात हवं आणि मिठात सुमारे ६० टक्के क्लोराइड असतं. म्हणजे नायट्राइट-नायट्रोजन लिटरला ३ मिलिग्रॅम असेल तर क्लोराइड ३० मिलिग्रॅम लागेल, त्यासाठी दर हजार घनमीटर पाण्याला ५० किलो मीठ. पाण्यात आधीपासून असलेलं क्लोराइड यातून वजा करा.

पाण्यात दोष सापडला म्हणून रोगाची शंका सोडून देऊ नका. एरोमोनाससारखे जिवाणू तळ्यात कायम असतात; प्राणवायू घसरला, जाळं फिरलं, दाटी झाली की काही दिवसांनी तेच उचल खातात. पाणी दुरुस्त करा आणि मासाही उघडून बघा.

मासा उघडताना

तरंगणारा मेलेला मासा कामाचा नाही. उबदार पाण्यात काही तासांतच आतड्यातले जिवाणू सगळ्या अवयवांत पसरतात आणि कल्ले पांढरे पडतात. काठाशी सुस्त फिरणारा, काळपट पडलेला, हाताला येणारा पण अजून श्वास घेणारा मासा निवडा. असे पाच-सहा घ्या, आणि तुलनेसाठी दोन-तीन धडधाकट. मेंदूचा नमुना हवा असेल तर डोक्यावर फटका मारून मारू नका. गुंगीच्या औषधाच्या जादा मात्रेत ठेवा. हातमोजे घालाच. स्ट्रेप्टोकॉकस इनिए आणि मायकोबॅक्टेरियम मरिनम हे दोन्ही जिवाणू बोटाच्या छोट्याशा कापातून माणसात शिरतात, आणि दुसऱ्याचा उपचार महिनोन्‌महिने चालतो.

सुरुवात कल्ल्यांपासून. झाकण उचला. निरोगी कल्ला लालबुंद असतो, कडा कंगव्यासारख्या सरळ. पिवळट-मळकट डाग आणि कुरतडल्यासारख्या कडा दिसल्या तर संशय कॉलम्नॅरिस या जिवाणूजन्य रोगाचा. लाल-पांढरे ठिगळ, आत गेलेले डोळे आणि कुठे बुळबुळीत तर कुठे सँडपेपरसारखी कातडी असा कार्प किंवा कोई मासा असेल, तर कोई हर्पीस विषाणू मनात धरा.

आता डागाच्या कडेचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा कापा, काचपट्टीवर तळ्याच्याच पाण्याच्या थेंबात ठेवा, वर झाकणकाच लावा आणि पाच मिनिटं थांबा. ४०० पट मोठं करून बघितलं की कॉलम्नॅरिसचे लांब, बारीक जिवाणू तुकड्याच्या कडेला गवताच्या गंजीसारखे ढीग करून डोलताना दिसतात. रंगही द्यावा लागत नाही. ही पाच मिनिटं वाचवू नका, कारण त्याच काचेवर परजीवी दिसले तर सगळा अंदाजच बदलतो. जिवाणूचा रोग समजून प्रतिजैविक दिलं आणि खरं दुखणं कल्ल्यातले कृमी होते, हे फार वेळा घडतं.

मग कातडी. पाठीवरच्या पराभोवती खोगिरासारखा फिकट पट्टा ही पुन्हा कॉलम्नॅरिसचीच खूण. परांच्या मुळाशी आणि पोटावर लाल ठिपके, खवले उभे राहिलेले, गुदद्वार सुजलेलं, हे एरोमोनास आणि एडवर्डसिएला या दोन्ही जिवाणूंच्या रोगांत दिसतं. डोळ्यांनी त्यांत फरक करता येत नाही. डोळे बाहेर आलेले आणि दुधाळ, मासा गिरक्या घेत पोहतोय, तर स्ट्रेप्टोकॉकस. तो मेंदूत बसतो म्हणून तोल जातो. पण सीबास किंवा ग्रूपरची अगदी लहान पिल्लं गिरक्या घेत असतील तर आधी नोडा विषाणूचा विचार करा.

पोट गुदद्वारापासून पुढे कापा, कात्रीचं टोक वर धरून, म्हणजे आतडं फुटणार नाही. पोटातलं पाणी बघा, स्वच्छ की रक्ताळलेलं. प्लीहा मोठी आणि काळपट असेल तर रक्तात जिवाणू पसरल्याची शक्यता वाढते. प्लीहा आणि मूत्रपिंडावर रव्यासारख्या पांढऱ्या गाठी म्हणजे फ्रॅन्सिसेला किंवा मायकोबॅक्टेरियम हे जिवाणू.

तापमान आणि वय काय सांगतं

प्रत्येक रोगाची एक खिडकी असते. तिलापियात स्ट्रेप्टोकॉकस पाणी तापल्यावर भडकतो. त्याच माशात फ्रॅन्सिसेला पाणी २५ अंशांच्या खाली आल्यावर. कॅटफिशमधला एडवर्डसिएला इक्टालुरी २२ ते २८ अंशांत सगळ्यात जोरात असतो. कोई हर्पीस १६ ते २८ अंशांत मारतो, त्याच्या बाहेर गप्प बसतो, पण जात नाही. कार्पचा स्प्रिंग व्हायरेमिया हा विषाणूचा रोग थंडी सरताना, साधारण १० ते १७ अंशांत येतो.

वयाचंही तसंच. तिलापिया लेक विषाणू २०१४ मध्ये ओळखला गेला. त्याची मर बहुतेकदा बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) तळ्यात किंवा पिंजऱ्यात सोडल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात होते. अंग काळवंडतं, कातडी सोलवटते, डोळे धुरकट होतात, पोट फुगतं. आणि त्याच माशात एरोमोनासही सापडतो! प्रयोगशाळेने एरोमोनास सापडला म्हणून कळवलं, प्रतिजैविक दिलं, मर थांबली नाही, असं झालं तर पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, करून घ्या. जिवाणू बऱ्याचदा विषाणूने उघडलेल्या दारातून मागून आत आलेला असतो.

नमुना पाठवताना होणाऱ्या चुका

जिवाणूंच्या तपासणीला जिवंत मासा सगळ्यात उत्तम. प्लॅस्टिक पिशवीत एक भाग पाणी, दोन-तीन भाग प्राणवायू, आणि पेटीत सावली. जमत नसेल तर नुकताच मारलेला मासा पिशवीत बंद करून बर्फात ठेवा आणि २४ तासांत पोहोचवा. वितळलेलं बर्फाचं पाणी माशाला लागता कामा नये. डीप फ्रीज करू नका. पेशी फुटतात, बरेच जिवाणू मरतात आणि ऊतीचा अभ्यास अशक्य होतो.

पीसीआरसाठी कल्ले, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड आणि मेंदूचे वाटाण्याएवढे तुकडे ९५ टक्के इथेनॉलमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रव. सूक्ष्मदर्शकाखालच्या ऊतीच्या अभ्यासासाठी वेगळ्या बाटलीत १० टक्के बफर फॉर्मेलिन, हाही दहापट. तुकडा पाच मिलिमीटरपेक्षा जाड नको, नाहीतर फॉर्मेलिन आतपर्यंत पोहोचायच्या आधीच मधला भाग कुजतो. सोबत एक लिटर पाणी स्वतंत्र बाटलीत. चिठ्ठीत लिहा: माशांची संख्या, सरासरी वजन, मर कधी सुरू झाली, रोजचे आकडे, तापमान, प्राणवायू, नवे मासे शेवटचे कधी आणले, आतापर्यंत पाण्यात किंवा खाद्यात काय काय टाकलं. हे शेवटचं लपवू नका. प्रयोगशाळेचा सगळा अर्थ त्यावर लागतो.

जिवाणू वेगळा झाला की प्रतिजैविक संवेदनशीलतेची चाचणी, म्हणजे त्यावर कोणतं प्रतिजैविक चालतं ते बघणारी, मागून घ्या. ती न करता दिलेलं औषध हा निव्वळ अंदाज.

उत्तर येईपर्यंत

एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) दिवसरात्र चालू ठेवा, विशेषतः कल्ले खराब असतील तर. जाळं टाकणं, मासे निवडणं, एका तळ्यातून दुसऱ्यात हलवणं, विकायला काढणं, सगळं बंद. कल्ल्यांचा रोग किंवा प्राणवायूची ओढ असेल तर खाद्यही थांबवा. पचनाला प्राणवायू लागतो आणि न खाल्लेलं खाद्य अमोनिया वाढवतं. एका तळ्याची जाळी, बादल्या, बूट दुसऱ्याकडे जाऊ देऊ नका, आणि दिवसाची फेरी नेहमी निरोगी तळ्यापासून सुरू करून आजारी तळ्यावर संपवा. आजारी तळ्याचं पाणी सोडू नका.

विषाणू निघाला तर

औषध विकत घेऊ नका. विषाणूवर प्रतिजैविक, जंतुनाशक किंवा जीवनसत्त्वाची पुडी, काहीच चालत नाही. तुमच्या हातात दोनच गोष्टी आहेत: माशाचा ताण कमी करणं आणि विषाणू तळ्याबाहेर जाऊ न देणं. कोई हर्पीस, तिलापिया लेक विषाणू, सॅमनचा संसर्गजन्य रक्तक्षय हे जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या यादीतले रोग आहेत. अशा रोगाची नुसती शंका आली तरी आपल्या भागातल्या मत्स्य किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला कळवा. मासे ठेवायचे की नष्ट करायचे हा निर्णय बऱ्याच ठिकाणी त्यांचा असतो.

पाणी ३० अंशांपर्यंत तापवलं की कोई हर्पीसची मर थांबते, हे खरं आहे. पण वाचलेले मासे आयुष्यभर विषाणू बाळगतात आणि पाणी पुन्हा त्या खिडकीत आलं की दुसऱ्यांना देतात. ते मासे विकणं म्हणजे दुसऱ्याच्या तळ्यात रोग पोहोचवणं.

जिवाणू निघाला तर: मात्रेचा हिशेब

इथे सगळ्यात जास्त पैसा आणि मासे वाया जातात, म्हणून सविस्तर. आजारी मासा आधी भूक गमावतो. औषध खाद्यातून जाणार असल्याने ते फक्त अजून खाणाऱ्या माशांना मिळतं; वाचवायचे असतात तेच. म्हणून निदान झालं की एक दिवसही घालवू नका. औषध आणि त्याची मात्रा मत्स्यतज्ज्ञ पशुवैद्याकडून लिहून घ्या, आणि ते तुमच्या देशात खाण्याच्या माशांसाठी मान्य आहे ना ते बघा. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान आणि मॅलाकाइट ग्रीन यांवर अनेक देशांत बंदी आहे.

समजा १०,००० मासे, सरासरी ३०० ग्रॅम. एकूण वजन ३,००० किलो. फ्लोरफेनिकॉलची मात्रा लिहून दिली आहे दर किलो वजनाला रोज १० मिलिग्रॅम, १० दिवस. म्हणजे रोज ३० ग्रॅम शुद्ध औषध. आता खरा प्रश्न: मासे आज किती खातात? निरोगी असताना वजनाच्या ३ टक्के, म्हणजे ९० किलो खात होते. आता जेमतेम १ टक्का, ३० किलो. ३० ग्रॅम औषध ९० किलो खाद्यात मिसळलं आणि मासे ३० किलोच खाऊन थांबले, तर पोटात एक तृतीयांश मात्रा गेली. जिवाणू मरत नाही, उलट औषधाला सरावतो. म्हणून औषध आजच्या भुकेइतक्याच खाद्यात मिसळा: दर किलो खाद्याला १ ग्रॅम शुद्ध औषध. भुकटी १० टक्क्यांची असेल तर १० ग्रॅम भुकटी.

मिसळताना भुकटी आधी थोड्या तेलात कालवा, किलोला साधारण २० ते ३० मिलिलिटर खाद्यतेल, आणि मिक्सरमध्ये किंवा ताडपत्रीवर गोळ्यांना सारखं चोळा. वरून पुन्हा तेलाचा हलका हात द्या, म्हणजे पाण्यात पडताच औषध धुऊन जाणार नाही. सावलीत वाळवा. दिवसाच्या पहिल्या खाण्यात द्या, भूक तेव्हा चांगली असते. ते संपल्याशिवाय साधं खाद्य देऊ नका.

मर तिसऱ्या-चौथ्या दिवशी घटली म्हणून औषध बंद करू नका. लिहून दिलेले दिवस पूर्ण करा. पाच दिवसांत काहीच फरक नसेल तर मात्रा दुप्पट करण्याऐवजी पशुवैद्याला कळवा आणि पुन्हा नमुना पाठवा: जिवाणू दाद देत नाही, निदान चुकलं आहे, किंवा मासे खातच नाहीत. ऑक्सिटेट्रासायक्लिनची आणखी एक अडचण आहे. ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी बांधलं जातं, त्यामुळे कठीण किंवा समुद्राच्या पाण्यात माशाच्या शरीरात कमी उतरतं. प्रतिजैविक तळ्याच्या पाण्यात ओतणं तर कधीच नको; मात्रा पोहोचत नाही आणि सगळ्या तळ्यातले जिवाणू औषधाला तयार होतात.

विक्रीआधीचा थांबा औषधाच्या वेष्टनावर असतो. काही ठिकाणी तो अंश-दिवसांत (पाण्याचं तापमान गुणिले दिवस) दिलेला असतो: ५०० अंश-दिवस म्हणजे २५ अंशांच्या पाण्यात २० दिवस, पण १० अंशांत ५० दिवस. थंड पाण्यात मासा औषध सावकाश बाहेर टाकतो.

फक्त बाहेरचा कॉलम्नॅरिस असेल तर

जिथे परवानगी आहे तिथे पोटॅशियम परमँगनेट वापरता येतं, पण ठोक मात्रा टाकू नका. तळ्यातला गाळ आणि शेवाळ आधी ते खाऊन टाकतं, म्हणून भूक मोजा. ऊर्ध्वपातित पाण्याच्या एका लिटरमध्ये १ ग्रॅम विरघळवा. एकेक लिटर तळ्याचं पाणी असलेली सहा भांडी मांडा आणि त्यांत १, २, ३, ४, ५, ६ मिलिलिटर द्रावण घाला. प्रत्येक मिलिलिटर म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम. १५ मिनिटांनी ज्या सगळ्यात कमी मात्रेच्या भांड्यात गुलाबी रंग टिकला, त्या आकड्याला अडीचने गुणा. २ आला तर मात्रा ५ मिलिग्रॅम, म्हणजे हजार घनमीटरला ५ किलो. लिटरला २ मिलिग्रॅमपेक्षा कमी मात्रेचा उपयोग नाही. रंग आठ-बारा तास टिकायला हवा. शेवाळ मरून प्राणवायू घसरतो, तेव्हा एरेटर सुरू ठेवूनच टाका. भूक फार मोठी निघाली तर हा नाद सोडून पाणी बदला. फॉर्मेलिनच्या जवळ परमँगनेट ठेवूसुद्धा नका. दोन्ही एकत्र आले तर पेट घेतात.

मेलेले मासे, जाळी, तळं

मेलेला मासा विषाणू आणि जिवाणूंचा कारखाना असतो, आणि दुसरे मासे त्याला टोचतात. दिवसातून एकदा, उबदार पाण्यात दोनदा उचला. झाकणाच्या, न गळणाऱ्या पिंपात ठेवा, पक्ष्यांना आणि कुत्र्यांना मिळू देऊ नका. मोजून वहीत लिहा, मगच विल्हेवाट. पुरत असाल तर पाण्यापासून आणि भूजलापासून दूर, वर निदान एक मीटर माती.

जाळी आणि बादल्या आधी ब्रशने घासून धुवा. चिखल राहिला तर क्लोरीन त्यातच संपतं. मग लिटरला २०० मिलिग्रॅम क्लोरीनच्या पाण्यात तासभर बुडवा: ३० टक्के क्लोरीन असलेली ब्लिचिंग पावडर असेल तर १०० लिटरला ६७ ग्रॅम. जुनी, उघडी पडलेली पावडर निम्म्यावर आलेली असते, म्हणून नवीन आणा. वापरलेलं पाणी ओतण्याआधी सोडियम थायोसल्फेटने मारा, क्लोरीनच्या वजनाच्या सातपट. या उदाहरणात १४० ग्रॅम. नंतर उन्हात कडकडीत वाळवा.

तळं पूर्ण रिकामं करून जमिनीला भेगा पडेपर्यंत वाळवा. ओल राहिलेल्या डबक्यांवर कळीचा चुना मारा. एकाच वेळी सगळे मासे भरणं आणि एकाच वेळी सगळे काढणं ही शिस्त इथे उपयोगी पडते, कारण जुने मासे उरले की रोगही उरतो. २००७ मध्ये चिलीत सॅमनच्या रक्तक्षयाची साथ आल्यानंतर शेजारच्या शेतांनी मिळून एकाच वेळी पिंजरे रिकामे ठेवण्याचे नियम तिथे आले.

पुन्हा मासे आणताना

बीज एकाच, तपासलेल्या ठिकाणाहून घ्या. नमुना किती माशांचा हवा हे ठरलेलं आहे: मोठ्या साठ्यात १० टक्के मासे बाधित असतील तर ९५ टक्के खात्रीने निदान एक पकडायला ३० मासे लागतात, ५ टक्क्यांसाठी ६०, २ टक्क्यांसाठी १५०. पाच मासे तपासून "रोगमुक्त" म्हणणाऱ्या दाखल्याची किंमत यावरून ठरवा. अंडी आणत असाल तर आयोडोफोरच्या लिटरला १०० मिलिग्रॅम आयोडीनच्या द्रावणात दहा मिनिटं ठेवा. मात्र याने फक्त कवचावरचे जंतू मरतात, अंड्याच्या आत बसलेले नाहीत.

आणलेले मासे निदान तीन-चार आठवडे वेगळ्या पाण्यात ठेवा, ज्या तापमानात संशयित रोग उठतो त्याच तापमानात. कोई असतील तर २२ ते २६ अंशांत. त्यांच्यासोबत आपल्या तळ्यातले चार-पाच निरोगी मासे सोडा. नवे वाहक असतील तर आधी तुमचे मासे आजारी पडतील, आणि ते कळायला तळं नाही, फक्त एक टाकी गमवावी लागेल.

लस मिळत असेल तर ती याच काळात द्या. साथ सुरू झाल्यावर टोचलेली लस उपयोगाची नाही. प्रतिकारशक्ती यायला साधारण ४०० ते ५०० अंश-दिवस लागतात, म्हणजे २५ अंशांच्या पाण्यात जवळजवळ तीन आठवडे. नॉर्वेच्या सॅमनशेतीत १९८७ मध्ये प्रतिजैविकांचा वापर ५० टनांजवळ गेला होता. लसी आल्यावर उत्पादन कितीतरी पट वाढूनही तो एक-दोन टनांवर आला.